झऱ्याकडचं फाटक

अँटलर घळ गायरान, सस्कॅचवान
२३ ऑक्टोबर २०१६

प्रिय सोल्वी,

गुरं गेली. शेवटचा ट्रक काल दुपारी क्लेम हॉगनच्या गायी घेऊन गेला आणि मागे उरलो मी, दोन घोडे आणि एक कुत्री. दरवर्षी या दिवशी गायरान इतकं मोठं वाटतं की मोठ्यानं खोकायलाही संकोच होतो. यंदा माझ्या गुडघ्यांनी घोड्यांच्या आधी दम सोडला. क्लेम म्हणाला, "ऑर्व्हिल, तू खोगिरावर चढतोस ते बघायला आता तिकीट लावू या." मी म्हटलं, "लाव, पण उतरताना बघायचं असेल तर दुप्पट."

सरकारनं गायरान सोडल्यापासून कसं चाललंय, असं तू विचारलंस. चाललंय. धुळीच्या वर्षांत ज्या जमिनी वाऱ्यानं उचलून नेल्या त्या सरकारनं घेतल्या, गवत पेरलं, तारा ओढल्या, आसपासच्या लोकांना गुरं चारायला दिल्या. मग एवढ्या वर्षांनी ओटावातल्या कुणाला तरी वाटलं की झालं आपलं काम. आता गायरान आमच्या सभासदांच्या संघानं भाड्यानं घेतलंय. राखणदार मीच. घर तेच, घोडे तेच, नियमही तोच: निम्मं गवत गुरांनी खायचं, निम्मं जमिनीला ठेवायचं. पूर्वी माझा पगार ओटावाहून यायचा, आता क्लेमच्या बायकोच्या हातून येतो. एवढाच फरक.

आता कामाचं. गार्थ पेनर आला होता. आपल्या शेजारच्या पेनरांचा धाकटा, ज्याच्या नाकाला कायम शेंबूड असायचा तो. आता त्याचं पेरणीयंत्र इतकं रुंद आहे की ते वळवायला शेजारच्या गावाची परवानगी लागावी. त्याला तुझा झऱ्याचा तुकडा हवाय. मसूर पेरायचीय. हिंदुस्थानात दोन वर्षं पाऊस धड झाला नाही, म्हणून इथे मसुरीला भाव आलाय. तिकडे कुणाच्या तरी घरी आमटी पातळ होते आणि इकडे बाबांच्या टेकाडावर नांगर यायला बघतो. त्या एकशेसाठ एकरांना आजवर नांगर लागलेला नाही, हे तुला माहीत आहे. पण बाबांनी तो तुकडा तुझ्या नावावर केला, माझ्या नाही. तेव्हा तुला पटेल ते कर. माझं काही म्हणणं नाही.

आणखी एक विचारायचं होतं. राहू दे.

चर्चच्या गावजेवणाला टर्की इतकी कोरडी होती की पाद्रीबाबांनी प्रार्थनेआधीच पाणी मागितलं. तू काही गमावलं नाहीस.

तुझा,
ऑर्व्हिल


नॅनाइमो
२७ नोव्हेंबर २०१६

प्रिय ऑर्व्हिल,

"माझं काही म्हणणं नाही" हे वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. बाबाही असंच म्हणायचे आणि मग आठवडाभर दारं आपटत फिरायचे. पण तू दारं आपटणारा नाहीस. तू दमलायस. तुझ्या अक्षरावरूनसुद्धा कळतं, ओळी उजवीकडे खाली उतरत जातात.

मी सरळच लिहिते. इतकी वर्षं हिवाळ्यात बर्फाला भोक पाडून गुरांना पाणी पाजलंस, उन्हाळ्यात दुसऱ्यांची वासरं सांभाळलीस. आता पुरे. माझ्या खालच्या मजल्यावरच्या दोन खोल्या पुढल्या सप्टेंबरात रिकाम्या होतायत. समोर सफरचंदाचं झाड आहे, समुद्र चालत जाण्याइतका जवळ. इथे पाऊस असतो, पण पाऊस फावड्यानं उपसावा लागत नाही. तो तुकडा विकला तर आपल्या दोघांचं म्हातारपण निवांत जाईल. माझा नवरा रॉय गेल्यापासून मलाही रोज संध्याकाळी रेडिओशीच भांडावं लागतं.

तुझं पत्र वाचल्यापासून झऱ्याकडचं ते फाटक डोळ्यांपुढे येतंय. बाबांचा ट्रक, तू मधे, मी दाराशी. दाराशी बसेल त्यानं फाटक उघडायचं-लावायचं, हा कायदा. तू कायम मधे बसून आयुष्यभर सुटलास, लबाडा. तीन तारांचं ते फाटक खांद्यानं रेटून ओढायचं, वरचा फास खांबावर चढवायचा, मग त्या तारेला बाबांचे ते दोन वेढे आणि टोक आत खोचायचं, म्हणजे बैलाच्या नाकाला सुटायला नको. एकदा मी ते उघडंच टाकलं. घरी पोचल्यावर बाबांनी विचारलं, "झऱ्याकडचं लावलंस?" आणि मला परत पाठवलं, पायी. मी रडत गेले आणि दोनाऐवजी चार वेढे देऊन आले.

आणखी काय विचारायचं होतं तुला? विचार ना.

तुझी,
सोल्वी


अँटलर घळ
१२ मार्च २०१७

प्रिय सोल्वी,

काही विशेष नव्हतं.

बर्फ जवळजवळ पडलंच नाही. टेकाडं आत्ताच तपकिरी आहेत आणि मार्चमध्ये धूळ उडताना मी पहिल्यांदा पाहिली. शॉना लाफाँटेन येऊन गेली. ती रानपक्ष्यांची मोजणी करणारी मुलगी, मागे लिहिलं होतं बघ. बिळात राहणाऱ्या घुबडांची दोन जुनी बिळं तिला सापडली. इतकी खूश झाली की मलाच मिठी मारली. घुबडांना मारायला हवी होती.

डॉक्टरांनी जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात स्विफ्ट करंटला बोलावलंय. गुडघा उघडून आतला कचरा साफ करणार. घर लांब म्हणून चार दिवस ठेवून घेतील. तेवढ्यापुरतं गुरांकडे क्लेम बघेल.

खालच्या खोल्यांचं वाचलं. तिथे कुत्री चालतात का? घोड्यांचं विचारत नाही.

ऑर्व्हिल


नॅनाइमो
१८ जून २०१७

प्रिय ऑर्व्हिल,

कुत्री चालतात, गुडघ्याच्या उंचीपर्यंतची. तुझी जरा मोठी आहे, पण मी मालकिणीला सांगितलंय की तिची पाठ वाकलीय. म्हणजे तू हो म्हणालास. तुझ्याकडून याहून स्पष्ट हो मिळणार नाही, एवढं मी ओळखून आहे.

गार्थचा दोनदा फोन आला. बोलायला नम्र आहे, मला "मिसेस डॅली" म्हणतो, शेंबूड आठवून मला हसू आवरत नाही. मी त्याला अजून शब्द दिलेला नाही. पण देईन असं वाटतं.

जुलैमध्ये चर्चच्या बायकांबरोबर बसनं बँफला चाललेय. डोंगर बघणार, महागडी कॉफी पिणार. तेव्हा फोन केलास तर मी घरी नसेन. गुडघ्याची काळजी घे आणि नर्सशी भांडू नकोस.

तुझी,
सोल्वी


अँटलर घळ
६ ऑगस्ट २०१७

प्रिय सोल्वी,

बातमी वाईट आहे म्हणून तीच आधी लिहितो. गुरं मेली. अकरा गायी आणि काही वासरं. दोन गायी माझ्या होत्या, बाकी क्लेमच्या आणि इतरांच्या.

तू काळजी करशील म्हणून पाण्याचं मी तुला कधी लिहिलं नव्हतं. दक्षिणेकडचं जुनं तळं खारं होत गेलं. गेले सहा उन्हाळे त्या बाजूची गुरं तुझ्या तुकड्यातल्या झऱ्यावर पाणी पितात. त्यासाठी झऱ्याकडचं फाटक मे ते ऑक्टोबर उघडं टाकलेलं असतं, बाजूच्या गवतात आडवं. गुरांना वाट पाठ आहे.

हॉस्पिटलातून मला क्लेमनंच आणलं. घराशी उतरलो आणि वाटलं, काहीतरी कमी आहे. वारा दक्षिणेचा होता, हंबरणं ऐकू यायला हवं होतं. क्लेम म्हणाला, "मी परवाच टेकाडावरून दुर्बिणीनं बघितलंय. मजेत बसल्या होत्या तळ्याकाठी." आम्ही तसेच गेलो. त्या मजेत बसलेल्या नव्हत्या. तळ्याचा पांढरा चिखल झालाय, त्यात रुतून पडलेल्या. तहानलेली गाय खारं पाणी पिते, जितकं पिते तितकी आणखी तहानते, आणि मग तिचं डोकं फिरतं. फाटकापाशी जमीन खुरांनी उकरून भुगा झाली होती. तारेपलीकडे झरा वाहत होता. त्यांना वास येत असणार.

फाटक बंद होतं. फास मी हातानंच सोडवला. उभ्या होत्या त्यांना झऱ्याकडे नेलं, थोडं थोडं पाजलं. क्लेम ट्रकच्या मागे जाऊन उभा राहिला.

संघाच्या लोकांनी विचारलं, फाटक कुणी लावलं. मी म्हटलं, मीच लावलं असणार, हॉस्पिटलला निघायच्या गडबडीत. क्लेम म्हणाला, "तू चाळीस वर्षांत एक फाटक विसरला नाहीस." मी म्हटलं, "मग एक्केचाळिसाव्यात विसरलो."

सप्टेंबरच्या सोळा तारखेला सभा आहे. मला ठेवायचं की नाही ते ठरेल. तेवढंच असतं तर चाललं असतं. पण निम्मे लोक म्हणतायत की गायरानच सोडून देऊ, हा व्याप आता झेपत नाही. सोडलं की तुकडे पडून विकलं जाईल, आणि मग सगळीकडे मसूर.

मागे एक विचारायचं राहिलं होतं, ते आता सांगून टाकतो, उपयोग नसला तरी. शॉनानं एक सरकारी योजना आणली होती. झऱ्यापासून गायरानापर्यंत नळ आणि पाण्याची टाकी, बहुतेक खर्च त्यांचा. अट एकच: झऱ्याच्या मालकानं दहा वर्षं ती जमीन नांगरायची नाही असं लिहून द्यायचं. तेव्हाच गार्थ विचारायला आला. भावानं मागितलं की बहिणीला नाही म्हणता येत नाही. म्हणून मागितलं नाही.

आता तुकडा विकून टाक. खोल्या राखून ठेव. मी खरंच दमलोय.

ऑर्व्हिल


नॅनाइमो
१ सप्टेंबर २०१७

अँटलर घळ गायरान संघाच्या सर्व सभासदांस,

क्लेम, हे पत्र कृपया सभेत मोठ्यानं वाचावं. चष्मा लावून.

मी सोल्वेग डॅली, माहेरची ट्वेट. तुमच्यातले बरेच जण मला ओळखतात. माझ्या भावानं तुम्हाला सांगितलं की झऱ्याकडचं फाटक त्यानं लावलं. ते खोटं आहे. फाटक मी लावलं.

जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बँफहून एकटीच बस धरून मी तिथे आले होते. भावाला कळवलं नव्हतं. माझा तुकडा विकायचा विचार होता आणि विकण्याआधी एकदा बघावासा वाटला. कुणाच्या गाडीतून गेले त्याला महत्त्व नाही. मी चालवणाऱ्याच्या शेजारी बसले होते, तेव्हा फाटक माझं होतं. ते गवतात आडवं पडलेलं होतं. मला वाटलं, कुणीतरी हलगर्जीपणानं टाकून दिलंय. निघताना मी खाली उतरले, ते उचललं, खांद्यानं रेटून ओढलं आणि फास चढवला. एकाहत्तराव्या वर्षी हे आपल्याला अजून जमतं म्हणून स्वतःचं कौतुक वाटलं. त्या कौतुकाची किंमत तुमच्या गुरांनी दिली.

फाटक जसं सापडेल तसं ठेवायचं, हे तिथलं लहान मूलही जाणतं. मीही जाणते. पण माझ्या डोक्यात ते फाटक अजून माझ्या वडिलांचं होतं आणि आत त्यांचा बैल होता. मी निघून गेले त्यानंतर तिथे काय काय बदललं, हे मी कधी विचारलं नाही.

तो तुकडा मी विकणार नाही. नळाच्या योजनेवर सही करायला तयार आहे. दहा वर्षांचीच अट कशाला, ती जमीन कधीच नांगरायची नाही असा कायमचा करार करता येतो असं मिस लाफाँटेन यांनी मला फोनवर सांगितलं. तोही करते. ही गुरांची भरपाई नव्हे. तिचं काय ते मी तुमच्यातल्या प्रत्येकाशी वेगळं बोलेन.

माझ्या भावाला ठेवायचं की काढायचं, ते तुम्ही ठरवा. पण काढायचं असेल तर गुडघ्यांसाठी काढा. फाटकासाठी काढू नका.

आपली,
सोल्वेग डॅली


अँटलर घळ
८ ऑक्टोबर २०१७

सोल्वी,

तू मला न विचारता ते पत्र का पाठवलंस? मी सगळं अंगावर घेतलं होतं आणि ते नीट बसलंही होतं. तीन आठवडे रागात होतो, म्हणून आता लिहितोय.

सभा बर्फावरच्या कर्लिंग खेळाच्या हॉलमध्ये झाली. ओळखीच्या सगळ्या टोप्या होत्या आणि कुणी कुणाकडे बघत नव्हतं. गार्थ पेनर सभासद नाही, तरी मागच्या भिंतीला टेकून उभा होता. गायरान सुटतंय का ते बघायला आला असणार. क्लेम म्हणाला, "आधी एक पत्र वाचायचंय," आणि खिशातून चष्मा काढला. तू लिहिलेलं चष्म्याचं वाक्यसुद्धा त्यानं वाचलं, तेव्हा जरा हसू फुटलं. मग फुटलं नाही. "फाटक मी लावलं" इथे तो थांबला, माझ्याकडे बघितलं आणि तीच ओळ परत वाचली. मी बुटांकडे बघत होतो.

पत्र संपलं. मग क्लेमची अ‍ॅग्नेस म्हणाली, "सोल्वेगच ती. शाळेत आग लागली असती तरी बाहेर पडताना वर्गाचं दार लावून आली असती."

कुणीतरी हसलं. मग बरेच हसले. सगळे नाही. स्टेनरूडांची बाई उठून बाहेर गेली. तिच्या तीन गायी त्यात होत्या. तिचा राग मला बरोबर वाटतो.

आणि मग मागून गार्थ बोलला. टोपी हातात घेऊन. म्हणाला, "गाडी मी चालवत होतो. त्या खाली उतरल्या, फाटक ओढायला लागल्या, मी काचेतून बघत बसलो. मदतीलाही उतरलो नाही. गुरांचं मला काही कळत नाही, पण खुरांची वाट दिसत होती. पुढं काय झालं ते ऐकलं तेव्हा मी येऊन सांगायला हवं होतं. नाही सांगितलं."

क्लेमनं विचारलं, "का नाही?"

"गायरान सुटलं तर मीच घेणार होतो ना," गार्थ म्हणाला. "लोकांना काय वाटलं असतं?"

क्लेम म्हणाला, "तेच वाटलं असतं जे आत्ता वाटतंय. बस खाली, कॉफी घे."

मग हात वर झाले. गायरान ठेवायचं ठरलं. फार हातांनी नव्हे, पण ठरलं. झऱ्याचं पाणी नळानं येणार आणि तुकडा तसाच राहणार, हे ऐकून काही हात वर गेले, मला दिसले. मलाही ठेवायला तयार होते. मी नाही म्हटलं. गुडघ्यांसाठी म्हटलं, तुझा शब्द वापरला. मी चार दिवस नसलो आणि गुरं मेली, म्हणजे सगळं एका माणसाच्या डोक्यात ठेवणंच चूक होतं. कुठलं फाटक उघडं, कुठलं बंद, हे मी कधी कुणाला सांगितलंच नाही. क्लेमलाही नाही. राखणदार म्हणून आता शॉनाला घेतलंय. तिला घोड्यावर बसता येतं आणि उतरताही येतं.

घर राखणदाराचं, तेव्हा ते तिला जाईल. पोस्ट सांभाळणाऱ्या बर्नीनं पोस्टामागची खोली मला दिलीय. कुत्रीला कुठल्याही उंचीची परवानगी आहे. मी नॅनाइमोला राहायला येणार नाही, सोल्वी. कुत्र्यांचं मी विचारलं होतं ते हो म्हणायला नव्हतं. नाही म्हणता येत नव्हतं, म्हणून.

आता फाटकाचं. मला पहिल्याच दिवशी कळलं होतं. दोन वेढे आणि टोक आत खोचलेलं. तसं बांधणारी दोनच माणसं उरलीत जगात, आणि त्यातलं एक हॉस्पिटलात पाय वर करून पडलं होतं. क्लेम बघायच्या आत मी ते सोडवलं. तू फाटक बंद केलंस, आणि त्याआधी सहा उन्हाळे मी तोंड बंद ठेवलं. पाण्याची एक ओळ मी लिहिली असती तर तू त्या फासाला हात लावला नसतास. तेव्हा सगळा दोष एकटीनं घेऊ नकोस. मला माझा वाटा हवाय.

एक गोष्ट मात्र लागली. तुझी बस स्विफ्ट करंटलाच थांबते. थांब्यावरून हॉस्पिटलाच्या खिडक्या दिसतात. तू तिथे उतरलीस आणि मला न भेटता गेलीस. इतकी गुरं मेली आणि मी हे मनात धरून बसलोय, याची लाज वाटते. पण बसलोय.

ऑर्व्हिल


नॅनाइमो
१४ जानेवारी २०१८

प्रिय ऑर्व्हिल,

उत्तर द्यायला वेळ लागला. चार पत्रं लिहून फाडली.

हो, खिडक्या दिसल्या. तुझी कुठली ते माहीत नव्हतं, म्हणून सगळ्या बघितल्या. तुझ्यासमोर उभं राहून "विकते" म्हणायची हिंमत नव्हती. जे तुझ्या तोंडावर म्हणता येत नाही ते करायचंच नसतं, एवढं तेव्हा सुचायला हवं होतं. नाही सुचलं. मी परतीच्या बसमध्ये सँडविच खाल्लं आणि झोपले. तिकडे फाटकापाशी तोवर काय चाललं असेल, ते आता रोज डोळ्यांपुढे येतं.

कायमच्या करारावर मी सही केली. वकील म्हणाला, "मिसेस डॅली, याच्यानंतर मन बदललं तर काही करता येणार नाही." मी म्हटलं, "त्यासाठीच करतेय." स्टेनरूडबाईंना लिहिलं, त्यांचं उत्तर आलेलं नाही. येईल असं वाटत नाही.

खालच्या खोल्या एका बाईनं घेतल्या. तिच्याकडे पोपट आहे, तो दिवसभर एकच शिवी देतो. मला ती सवयीची झालीय. पेपरात वाचलं की हिंदुस्थाननं मसुरीवर कर बसवला. गार्थचं कसं आहे?

मी मे महिन्यात येऊ का? क्लेमला तोंड दाखवायचंय. आणि कुणालाही चोरून न येता, सरळ रस्त्यानं यायचंय.

तुझी,
सोल्वी


स्टेनवाल, पोस्टामागे
२२ एप्रिल २०१८

प्रिय सोल्वी,

गार्थ मसुरीनं भरलेल्या कोठ्यांपुढे उभा राहून फोनवर बोलत असतो. परवा क्लेमला विचारत होता, एक गाय पाळायला किती गवत लागतं. क्लेमनं सांगितलं, "तिला लागतं त्याच्या दुप्पट. निम्मं ठेवायचं असतं." माणूस वाईट नाही.

गोठलेली जमीन मोकळी झाली आणि नळाचं खोदकाम सुरू झालं. मी खुर्ची टाकून बसतो आणि शॉनाला चुका दाखवतो. ती म्हणते, "ऑर्व्हिल, तुम्ही निवृत्त झालात ना?" मी म्हणतो, "हे तेच चाललंय." तिनं गायरानातल्या प्रत्येक फाटकावर पाटी लावलीय, उघडं ठेवा किंवा बंद ठेवा. मी हसलो होतो. आता हसत नाही.

टाकी गायरानाच्या बाजूला आलीय, तारेच्या अलीकडे. म्हणजे गुरांना यंदा झऱ्याकडे जायचं काम नाही. शॉनाला तुझा तुकडा दोन वर्षं विसाव्याला ठेवायचाय, गवताला आणि त्या घुबडांना. तेव्हा झऱ्याकडचं फाटक आता बंद ठेवायचं आहे. बाबांच्या वेळेसारखं. पाटी तशी रंगवून तयार आहे.

ते अजून गवतात आडवंच आहे. शॉनानं ओढून बघितलं, फास चढतो, पण वेढे तिला जमत नाहीत, सैल राहतात. मला सांगता येतं, पण खाली वाकून दाखवता येत नाही.

वीस मेला गुरं सोडायची आहेत. तू आदल्या दिवशी पोचशील असं बघ. मी बसच्या थांब्यावर येईन, खिडक्यांकडे बघू नकोस. तिथून सरळ झऱ्याकडे जाऊ.

ट्रक मी चालवीन.

ऑर्व्हिल